घरात सायकल घ्याल, ती आधी मुलीला!

कराडहून पाटणकडे येणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी थोडा वेळ उभे राहिले की दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतात. पहिला तांबडे फुटायच्या आत घरातून निघालेला असतो. कॅरिअरला दुधाचा कॅन नाहीतर अवजारांचे गाठोडे, डोक्याला मफलर, पायात चप्पल. असे सायकलस्वार आता थोडेच उरले आहेत. दुसरे उजाडल्यावर येतात, चौघे-पाचजण मिळून. अंगाला चिकटलेला रंगीत शर्ट, तशीच आखूड विजार, डोक्याला हेल्मेट, हातात मोजे. ते कोयनानगरपर्यंत जातात, चहा घेतात आणि परत फिरतात. त्यांना दूध घालायचे नसते की हजेरी गाठायची नसते. ते हौसेने सायकल मारतात.

वस्तीच्या कट्ट्यावर बसलेली जुनी मंडळी त्यांच्याकडे बघून हसतात. "एवढं पैसं हायत, मग गाडीनं फिरायचं सोडून पाय का दुखवून घेत्यात?"

वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न गमतीचा आहे, पण त्यामागे आपल्या घराघरांतली एक समजूत आहे. सायकल म्हणजे गरिबी, आणि गाडी आली की गरिबी गेली. या समजुतीपायी आपण काय गमावतो आणि कोण गमावते, हे आज आम्हाला सांगायचे आहे. सायकल कशी घ्यावी, कशी चालवावी, तिच्या शर्यती कशा होतात हेही सांगू.

तासाच्या सायकलचे दिवस

आमच्या लहानपणी सायकल घरी नसे, ती दुकानात असे. तासाच्या भाड्याने मिळे. आठ आण्यांत एक तास. मिस्त्री वहीत वेळ लिहून घेई. नाव विचारी, गाव विचारी, आणि गाव सांगितले की हळूच वस्तीही विचारी. उत्तर ऐकून कधी चांगली सायकल मिळे, तर कधी ब्रेक नसलेली. तरी आम्ही घेत असू. एका तासात चौघांनी पाळीपाळीने शिकायचे. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय पलीकडे घालायचा आणि वाकडे होऊन पायडल मारायचे. गुडघे फुटत, पण घरी कोणी सांगत नसे.

त्या चौघांत मुलगी एकही नव्हती. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

आपले वाहन, आपली वाट

वाहनावर आपला हक्क असणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. १९०१ साली साताऱ्यात राहणारे बाल भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. वडील तिथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. मुले रेल्वेने मसूरला उतरली. मसूर आज कराड तालुक्यात आहे, आपल्या पाटणच्या शेजारी. स्टेशनवर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. पुढे बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांना १९२९ साली चाळीसगावलाही टांगेवाला मिळाला नाही. आपल्याच माणसाने सवय नसताना टांगा हाकला, पुलावर टांगा उलथला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

सायकलला गाडीवान लागत नाही. ती कोणाची जात विचारत नाही, पेट्रोल मागत नाही, एस.टी.सारखी वेळही पाळायला लावत नाही. आपल्या बापजाद्यांनी सायकलीवरून मजुरीची ठिकाणे गाठली, रात्रशाळा गाठल्या, सभा गाठल्या. मात्र ही मोकळीक बहुतेक घरांत पुरुषांपाशीच थांबली.

आमच्याच घरातली गोष्ट

आमच्या थोरल्या बहिणीचे घर पाटणपासून आठ-नऊ किलोमीटरवर, मुख्य रस्त्यापासून आत आहे. भाची दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि अकरावीला पाटणला जाऊ लागली. घरात दाजींची जुनी सायकल होती, तिच्यावरून ती जाई-येई. त्याच वर्षी भाच्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पेढे वाटले गेले. दुसऱ्या आठवड्यात भंगारवाला आला. दाजी म्हणाले, "घरात गाडी आली. आता हे लोखंड कशाला अडवून ठेवायचं?" भाची दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ द्या की." सायकल गेली.

गाडी घरात आली खरी, पण ती दिवसभर भाच्याकडे. भाची फाट्यावर एस.टी.ची वाट बघे. सकाळची गाडी भरून येई आणि थांबत नसे. संध्याकाळची यायला अंधार पडे. प्रॅक्टिकल बुडू लागले. वर्ष संपायच्या आत तिने कॉलेज सोडले.

भंगारवाल्याने सायकल उचलली तेव्हा आम्ही त्याच ओट्यावर बसून चहा पीत होतो. आम्ही काही बोललो नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

सायकलने शाळा वाचते

एका घरात घडले ते हजारो घरांत घडते, आणि त्याचा हिशेबही मांडला गेला आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निषीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना दिसले. शाळा जिथे लांब होती, तिथे फायदा जास्त झाला.

त्याही आधी, १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्यात आली. शेतमजूर बायका, खाणीत राबणाऱ्या बायका, परिचारिका अशा हजारोंनी ती शिकून घेतली. लोकांनी टोमणे मारले, पण बायका थांबल्या नाहीत. भाजी बाजारात नेणे, पाणी आणणे, मुलाला दवाखान्यात नेणे, यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट पाहणे सुटले.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. अनेक जिल्हा परिषदा समाजकल्याणच्या निधीतून मागासवर्गीय मुलींना सायकली देतात. नियम आणि रक्कम बदलत असते, म्हणून शाळा उघडली की मुख्याध्यापकांना आणि पंचायत समितीत विचारा. आपल्याकडे अर्ज न केल्यामुळे बुडालेले हक्क थोडे नाहीत.

सायकल घेताना

नवी असो वा जुनी, आधी उंची बघा. मुलगी सायकलवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली की दांड्याला टेकता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर हवे. "अजून वाढतीये, मोठीच घ्या" असे म्हणून थोराड सायकल घेऊ नका. ती पडते आणि मग घाबरून सोडून देते.

सीटची उंची बहुतेकजण कमी ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. सोपी रीत अशी. सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना मात्र टाच नव्हे, चवडा पायडलवर ठेवायचा, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. शिकताना तेवढी सीट खाली करा, दोन्ही पाय जमिनीला टेकू द्या.

गिअरचे गणित अनेकांना अवघड वाटते. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राला साधारण ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतात. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या मारते आणि सायकल सव्वापाच मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. सपाटीला हे ठीक. पण पाटणहून सडावाघापूरच्या पठारावर चढायचे तर एका फेरीत एवढे अंतर रेटणे माणसाला झेपत नाही, उतरून ढकलावी लागते. गिअरच्या सायकलीत पुढे लहान चक्र आणि मागे मोठे चक्र घेता येते. दोन्हीकडे २८ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी, म्हणजे साधारण दोन मीटर. जोर कमी लागतो, फेऱ्या जास्त माराव्या लागतात. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करावा, अर्ध्या चढात जोर देऊन बदलला तर चेन उतरते.

मात्र एक लक्षात घ्या. रोजच्या सपाट चार-पाच किलोमीटरला गिअर लागत नाही. स्वस्तातली दिखाऊ गिअरची सायकल घेण्यापेक्षा साधी, मजबूत, मडगार्ड आणि चेनकव्हर असलेली सायकल बरी. ती गावातला मिस्त्रीही दुरुस्त करतो.

घरी चार गोष्टी ठेवा: पंप, पाना, पंक्चरचे सोल्यूशन व पॅच, आणि तेलाची बाटली. मुलीलाही पंक्चर काढायला शिकवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे तिला माहीत असू द्या, म्हणजे जोर लावून आटे खराब होणार नाहीत. रिम डुगडुगत असेल तर आऊट काढणे आणि छर्रे बदलणे मिस्त्रीकडे सोपवा.

कपडे आणि डोके

हौशी मंडळींचे चिकट कपडे बघून हसण्याआधी त्यामागचे कारण ऐका. सैल कापड वाऱ्याने फडफडते, अडवते आणि मांड्या सोलवटून काढते. त्या विजारीत बसायच्या जागी गादी असते, म्हणून शंभर किलोमीटर बसता येते. ती आतल्या कपड्याशिवाय घालतात, कारण आतली शिवणच टोचते. घाम शोषून धरणाऱ्या सुतीपेक्षा लवकर वाळणारे कापड वापरतात. हातमोजे यासाठी, की पडताना माणूस आधी तळहात टेकतो.

शाळेला जायला यातले काही लागत नाही. सलवारीचा पायचा घोट्याशी रबराने बांधला आणि ओढणी तिरकी घेऊन कमरेला घट्ट गाठ मारली की झाले. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात जीवघेणे असतात, म्हणून मागच्या चाकाला जाळी लावून घ्या. हेल्मेट मात्र चैन नव्हे. ते भुवईच्या वर दोन बोटांवर सरळ बसावे आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फोम दबलेला असतो, ते पुन्हा वापरू नये.

आपला रस्ता, आपला पाऊस

कोयनानगरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिजलेल्या रिमवर ब्रेकची रबरे लगेच धरत नाहीत. म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका लावून रिम पुसून घ्यावी, मग दाबावा. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून लावावेत. एकटा पुढचा ब्रेक करकचून लावला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावे. त्या घाटाची गंमत अशी की जाताना उतार आणि येताना चढ. उत्साहात खाली गेलेल्याला परतीचा हिशेब मग कळतो. पावसातून आल्यावर चेन कोरडी पुसून तेल द्यावे, नाहीतर आठ दिवसांत गंज धरते.

हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा. वळणावर ट्रॉलीची मागची चाके आत येतात, तेव्हा तिच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नये. मागे लाल दिवा, निदान लाल रिफ्लेक्टर, आणि अंगात फिकट रंगाचा कपडा असावा.

हौस ते शर्यत

शर्यत म्हटले की महाराष्ट्रात मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव निघते. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समध्ये १९०३ पासून चालू असलेल्या 'टूर दी फ्रान्स'मध्येही डोंगराच्या राजाला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा शर्ट मिळतो. ती शर्यत २१ टप्प्यांची, तीन आठवड्यांची, साधारण साडेतीन हजार किलोमीटरची असते.

तिथे एकटा माणूस जिंकत नाही. संघात आठजण असतात. पुढच्याच्या पाठीमागे चिकटून चालवले की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. म्हणून सातजण आळीपाळीने वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, आणि मुख्य खेळाडूला शेवटच्या चढापर्यंत ताजा ठेवतात. या मदतनीसांना फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ घरगडी असा होतो. फोटो एकाचा छापला जातो, राबलेले सातजण असतात. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शर्यतीत न उतरता लांब चालवणाऱ्यांसाठी 'ब्रेव्हे' असते. त्यात पहिला-दुसरा नसतो, ठरलेल्या वेळेत पोचायचे असते: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. याहून कठीण म्हणजे अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ साली दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत १५९ दिवसांत जग फिरून आली. मुलगी एकटी रस्त्याने कशी जाईल, असे विचारणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

मेजर टेलर

आणखी एक नाव आपल्या मुलांना सांगायलाच हवे. मार्शल टेलर हा काळा मुलगा १८७८ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे जन्मला. सायकलच्या दुकानात शिपायासारखा पोशाख घालून तो कसरती करून दाखवी, त्यावरून त्याला 'मेजर' नाव पडले. १८९४ साली तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने काळ्या माणसांना सभासदत्व बंद केले. शर्यतीत गोरे खेळाडू त्याला घेरत, ढकलत. तरी १८९९ साली माँट्रिअल येथे तो जगज्जेता झाला. पुढे गरिबी आली आणि १९३२ साली शिकागोत त्याचा मृत्यू झाला, तेव्हा दफनाला पैसे नव्हते. त्या संघटनेने ती बंदी अधिकृतपणे मागे घेतली १९९९ साली, म्हणजे त्याच्या विजयाला शंभर वर्षे झाल्यावर.

२०२४ साली आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाच्या बिनियाम गिरमाय याने टूर दी फ्रान्सचे तीन टप्पे जिंकले आणि वेगवान स्वाराला मिळणारा हिरवा शर्ट घेतला. त्या शर्यतीत टप्पा जिंकणारा तो पहिला काळा आफ्रिकन.

रविवारचा एक तास

आमची सूचना साधी आहे. समाजमंदिराच्या आवारात रविवारी सकाळी एक तास मुलींना आणि त्यांच्या आयांना सायकल शिकवा. वस्तीत दोन-तीन सायकली निघतातच. पायडल काढून ठेवा, सीट खाली करा आणि आधी नुसते पायाने ढकलत तोल सांभाळायला शिकू द्या. तोल आला की पायडल लावा. चार रविवार पुरतात. आणि गाडी घेतलीत तर आनंदच आहे, फक्त सायकल भंगारात घालू नका. मुलाच्या गाडीचा हप्ता भरता येतो, त्या घरात मुलीच्या सायकलला पैसे निघतात.

आमची ती भाची आज शिवणकाम करते. तिची मुलगी सातवीत आहे. शिवणाच्या पैशांतून भाचीने गेल्या वर्षी तिला सायकल घेतली, निळ्या रंगाची, मागे कॅरिअर असलेली. परवा गेलो होतो तेव्हा पोरगी शाळेतून आली, सायकल ओट्याला लावली आणि आईला म्हणाली, "आये, चेन वाजतीये." भाचीने मशिनवरची तेलाची बाटली उचलली आणि बाहेर गेली. दाजी आता थकले आहेत. ते ओट्यावरून म्हणाले, "आधी पुसून घे गं, मग तेल घाल."